अण्णांचं वजन

यंत्र आपणहून काहीही करत नाही, हे वाक्य बन्सी सरांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. तंत्रशाळेत फिटरच्या पोरांना पहिल्या तासाला ते खिशातून अडकित्ता काढून सुपारी फोडून दाखवायचे आणि म्हणायचे, ही तरफ. मग कुऱ्हाड दाखवायचे, ही पाचर. टेंपोत फटफटी चढवायची फळी, हे उतरण. विहिरीवर फिरते ती कप्पी. शेवटी सुपारीचं खांड तोंडात टाकून सांगायचे की यंत्र फुकट काही देत नाही. जेवढं घालाल तेवढंच निघेल, उलट थोडं कमीच, कारण काही घासण्यात जातं. यंत्राला मन नसतं, आणि ज्याला मन नाही त्याला भूत लागत नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा वर्ग सुटला, वाक्य मात्र सुटलं नाही. गारखेड्यातल्या त्या तीन मजली इमारतीत कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाच्या मिक्सरनं धूर काढला, की सर जिना उतरून हजर. पंखा दुरुस्त व्हायचाच, पण त्याआधी पाऊण तास तरफेपासून सगळं ऐकावं लागायचं. लोक पंख्याची कुरकुर सहन करायला शिकले होते.

अशा या सरांनी फर्दापूरहून आपल्या आईला, मनकर्णाबाईंना, घरी आणलं. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे कामातून गेलेले. वडील, पुंजाराम अण्णा, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि म्हातारी त्या दोन खोल्यांत एकटीच राहत होती. सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दोघांनी खुर्चीत बसवून कसंबसं वर नेलं ते नेलंच. म्हातारी गॅलरीत बसायची आणि खाली अंगणात निंबाखाली भाजी निवडत बसलेल्या बायकांकडं पाहायची. चौथ्या दिवशी तिनं आपली पिशवी भरून दाराशी ठेवली.

"पुनवेपर्यंत राहते," ती म्हणाली. "मग मला सोड तिकडं. इथं बोलायला कुणी न्हाई. आन् तुझा बाप तिकडं एकटा हाय."

सरांनी समजावलं की अण्णा आता कुठंच नाहीत, एकटेही नाहीत आणि दुकटेही नाहीत. आपण दीक्षा घेतलेली माणसं, असलं काही मानत नाही. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीची गाठ आणखी आवळली.

सरांना वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रडूच आलं, पण ते त्यांनी मोरीत जाऊन उरकलं. बाहेर आले ते यंत्राचा आराखडा डोक्यात घेऊनच.

शहागंजातून त्यांनी दोन जाड कप्प्या आणल्या, दोर आणला. गच्चीवरून बाहेर डोकावणारी लोखंडी तुळई बसवली, गॅलरीचा कठडा एका जागी कापून फाटक केलं. शाळेच्या भंगारातला दोघांचा बाक आणून त्याला पाठ, पट्टा आणि साखळ्या लावल्या. कप्प्यांवरून गेलेल्या दोराच्या एका टोकाला हा बाक आणि दुसऱ्या टोकाला निळं प्लास्टिकचं पिंप. पिंपात पाणी. आई आणि बाक मिळून जेवढं वजन, त्याच्या किंचित कमी पिंपाचं. म्हणजे तराजूची दोन पारडी. आई खाली असली की पिंप वर गॅलरीजवळ, आई वर गेली की पिंप खाली अंगणात. पिंपाच्या बुडाला बांधलेला दोर अंगणात उभं राहून हलकेच ओढायचा, की आई वर. पिंपात पाणी कुठवर हवं तिथं सरांनी लाल रंगानं रेघ मारली, झाकण घट्ट लावलं आणि सगळ्या इमारतीला खाली बोलावलं.

पहिल्या दिवशी सरांनी आईला दोन बोटांनी वर नेलं. दोन बोटांनी, हे सगळ्यांना दिसावं म्हणून बाकीची तीन बोटं त्यांनी उघडी धरली होती. तळमजल्यावरच्या लक्ष्मीबाईंनी तोंडावर पदर घेतला. म्हातारी मात्र शांत होती. तिनं वर पोचल्यावर एवढंच सांगितलं की हे मोटेसारखंच आहे. तुझा बाप गावच्या मळ्यात मोट हाकायचा. बैलं धावेच्या उतारावरून खाली निघाली की स्वतः नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसायचा, आपलं वजन बैलांना द्यायचा. दिवसभर लोकांचं पाणी उपसायचा आणि स्वतः प्यायला नदीवर जायचा.

तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता मनकर्णाबाई खाली उतरायच्या, अंगणात बायकांत बसायच्या आणि संध्याकाळी दिवेलागणीला वर जायच्या. पिशवी दाराशीच होती, पण तिच्यावर आता धुतलेले कपडे पडायला लागले. सर खूश होते.

तिसऱ्या दिवशी दोन बोटं पुरली नाहीत.

सरांना वाटलं, दोर नवा आहे, ताठ झाला असेल. त्यांनी हात लावला. चौथ्या दिवशी दोन्ही हात लागले. पाचव्या दिवशी सकाळी आई उतरताना दोर त्यांच्या तळव्यांना चटका देत सरसर वर गेला आणि बाक खाली धपकन टेकला. संध्याकाळी वर नेताना सरांना भिंतीला पाय लावावा लागला. कप्प्या संथ फिरत होत्या, वारं नव्हतं, निंबाचं पान हलत नव्हतं आणि बाक इंचाइंचानं वर चालला होता, कुणीतरी आणखी बसल्यासारखा.

सरांनी कप्प्या उतरवून पाहिल्या. त्या ठणठणीत होत्या. ग्रीस घातलं. दोराचा प्रत्येक पीळ बोटांनी तपासला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर आईला उभं करून आणलं. वजन शेचाळीस, आली तेव्हाही शेचाळीस. सगळं तपासलं. पिंप तेवढं तपासलं नाही. बंद पिंपातलं पाणी कुठं जाणार? शिवाय त्या घरात पाणी हा सरांचा विषयच नव्हता. शहरात नळ येतो आठव्या दिवशी, तो कधी आला, किती आला, कशात भरला आणि कुठवर पुरवायचा, हे सगळं त्यांच्या बायकोच्या, सरिताच्या, खात्यात होतं. सरांना फक्त तांब्या भरलेला मिळायचा.

सहाव्या दिवशी सरांच्या लक्षात आलं की आई बाकाच्या मधोमध बसत नाही. ती डावीकडं सरकून, अंग चोरून बसली होती. उजवीकडची अर्धी फळी रिकामी. सरांनी विचारलं, अशी का बसलीस, बाक तिरका होईल. पण बाक तिरका झालेला नव्हता. तो सरळ होता. सरांनी दोनदा पाहिलं.

"त्यांना जागा नगं?" म्हातारी म्हणाली. "तीन दिवस झाले, माझ्यासंगं खालवर करतेत."

सरांच्या मानेवरून काहीतरी गार सरकलं. तो घाम असणार, असं त्यांनी ठरवलं. मग आवाज चढवून म्हणाले, "आई, भूतबित काही नसतं."

"भूत कुठं म्हनले मी? भुताला मी बी मानत न्हाई. तुझा बाप म्हनते मी."

सरांनी बाक तिसऱ्यांदा पाहिला.

आता ही गोष्ट अंगणात बसणाऱ्या बायकांसमोर बोलली गेली, म्हणजे सूर्य मावळायच्या आत सगळ्या गल्लीला कळली. सगळ्यांत जास्त घाबरल्या त्या लक्ष्मीबाई. त्यांनी संध्याकाळी अंगणाकडचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. त्यांचे मालक कडुबा, पाटोद्याकडं आठ एकर शेती असलेला धिप्पाड गडी, तोही बाकाखालून जायचं टाळून वळसा घालायला लागला. पोरं बाकाकडं बोट दाखवायची आणि तेच बोट लगेच चावून घ्यायची. दुपारच्या शांततेत जमिनीतल्या कडीला अडकवलेला तो रिकामा बाक साखळ्या ताणून उभा असायचा, वर जायची वाट पाहत असल्यासारखा. सर तिथून जाताना मनातल्या मनात तरफेचे तीन प्रकार म्हणायचे.

शेवटी त्यांनी ठरवलं की हे वाढू द्यायचं नाही. आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी गल्लीला अंगणात बोलावलं. विषय, यंत्राची ओळख. भिंतीला टेकवून फळा उभा केला. आई आठ वाजताच खाली उतरून बसली होती. सरांनी खडू घेतला आणि तरफ, पाचर, उतरण असं करत कप्पीपर्यंत आले. लोक ऐकत होते, पण नजर बाकावर होती. म्हातारी डावीकडं सरकून बसली होती. पट्टा बांधलेला होता.

"आता बघा," सर म्हणाले, "यंत्राला मन नाही. मी ओढल्याशिवाय हा बाक जागचा हलणार नाही. ओढायला किती जोर लागतो तो तुमच्यातल्या कुणीही येऊन मोजावा."

एवढं बोलून त्यांनी डाव्या हातात दोर धरला, उजव्या हातातला खडू न टाकताच खाली वाकले आणि कडीतला हूक काढला.

बाक जमिनीवरून उठला.

सरांनी ओढलं नव्हतं. दोर त्यांच्या हातात ढिला पडत चालला होता, वेटोळं होऊन पायाशी साठत होता. म्हातारी संथपणे वर चालली होती, पाय लोंबत, हात मांडीवर, डोक्यावरचा पदर सरळ. कप्प्यांचा आवाज नव्हता. चाळीस माणसं उभी होती आणि एकाचाही आवाज नव्हता. पहिल्या मजल्याच्या उंचीवर तिनं खाली पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भिऊ नगा. ते नाड्यावर बसलेत."

कडुबानं टोपी काढली. लक्ष्मीबाई भिंतीला धरून खाली बसल्या. सरांच्या हातातला खडू मोडला, तो आवाज तेवढा झाला.

वर बाक गॅलरीच्या फाटकाशी येऊन हलकेच थांबला, आणि खाली, सरांच्या अगदी पुढ्यात, निळं पिंप येऊन टेकलं. टेकताना डचमळलं. झाकणाच्या कडेनं पाणी बाहेर आलं आणि सरांच्या चपला भिजल्या.

पाणी लाल रेघेपर्यंतच असायला हवं होतं. रेघ पिंपाच्या पोटावर चांगली वीतभर खाली होती.

सरांनी झाकण उचललं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं आणि आत एक स्टीलचा तांब्या बुडालेला होता. तांब्यावर नाव कोरलेलं होतं, लक्ष्मीबाईंच्या लेकीच्या लग्नात आहेर आलेला. सरांनी मान वर करून लक्ष्मीबाईंकडं पाहिलं आणि लक्ष्मीबाईंनी जमिनीकडं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

त्या जवळ आल्या आणि दबक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. नळ आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घरात थेंब राहत नाही. आणि रोज संध्याकाळी हे पिंप भरलेलं, आपल्या पायानं चालत आल्यासारखं दारात येऊन उभं राहतं. दारात आलेल्या पाण्याला नाही कसं म्हणायचं, सर? दोन तांबे घेतले, मग एक बादली घेतली. पण घेतलेलं ठेवून घेतलं नाही. आज सकाळी नळ आला तशी, सरिता मोरीत असताना, घागर घेऊन जिना चढून वर गेले आणि गॅलरीतून ओतून आले. वर आणखी एक घागर ओतली. उसनं घेतलेलं मापानं परत द्यायचं असतं का कुठं? चार घोट जास्तच घालायचे असतात.

सरांनी वर पाहिलं. गॅलरीत सरिता उभी होती आणि तिचाही चेहरा बघण्यासारखा झाला होता. दिवसा पिंप तिच्या गॅलरीशी असायचं. भांडी घासायला ती त्यातलंच पाणी घेत होती. तिनंही आज नळ आल्या आल्या घेतलेलं सगळं भरून टाकलं होतं, आणि वर एक कळशी. लक्ष्मीबाई ओततायत हे तिला माहीत नव्हतं आणि ती ओततेय हे लक्ष्मीबाईंना.

सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. पाणी कमी, तर आई जड. पाणी जास्त, तर आई हलकी. कोडं सुटलं होतं आणि तेही भर वर्गात, चाळीस विद्यार्थ्यांपुढं. त्यांनी तो तांब्या पुराव्यासारखा उंच धरला, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. ती सरिताला सांगत होती, "ती दाराशी पिशवी हाय ना, त्यातली लुगडी काढ आन् कपाटात ठिव. आता ते बी इथंच आलेत. फर्दापुरात जाऊन मी काय करू?"

सर तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले. तांब्यातून थेंब थेंब पाणी त्यांच्या बाहीत उतरत होतं. कडुबानं विचारलं, "मग सर, हे झालं कसं?"

सरांनी तांब्या खाली घेतला.

"कप्प्यांना तेल जास्त झालं," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वर्गात चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि ते कुणालाही पटलं नाही.

त्या दिवसापासून सरांच्या मागं एक नवीनच नोकरी लागली. रोज सकाळी आई चहा पीत असताना ते अंगणात उतरायचे आणि पिंपातून दीड बादली पाणी काढून निंबाला घालायचे, कारण अण्णांना रोज बाकावर बसवणं भाग होतं. भुतावर विश्वास नसलेला माणूस बापाचं वजन लिटरमध्ये मोजत होता. कधी आई म्हणायची, आज ते नाड्यावर बसणार बघ, की सर धावत जिना चढून गॅलरीतून दोन कळश्या वाढवायचे. तिला कसं कळायचं, हे त्यांनी विचारलं नाही. सरिता पदराआड हसायची. निंब मात्र त्या महिन्यात असा फुटला की बघत राहावं.

पौर्णिमा आली. आईला गल्लीतल्या विहारात वंदनेला जायचं होतं. सरांची पाठ धरली होती. त्यांनी ठरवलं की आज सुट्टी, आज अण्णांनी चालत यावं. सकाळी त्यांनी स्वतः पिंपात लाल रेघेपर्यंत पाणी भरलं, केसभर कमी नाही की जास्त नाही. कप्प्या ग्रीसनं माखल्या. लक्ष्मीबाईंचा भरवसा होता, तरी झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली, मग स्वतःच्याच उपमेला वैतागून ती खिशात टाकली.

आई पिसासारखी खाली उतरली. पांढरं लुगडं नेसलेली, लक्ष्मीबाईंचा हात धरून विहारात गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा परत आली. बाकावर बसली, डावीकडं सरकली, उजवीकडच्या फळीवरची धूळ पदरानं पुसली. सरांनी पट्टा बांधला, हूक काढला आणि दोन बोटांनी दोर ओढला.

दोर हलला नाही.

सरांनी मूठ लावली. दोन्ही हात लावले. भिंतीला पाय लावला, पाठीत कळ आली तरी सोडला नाही, तेव्हा कुठं बाक सुटला आणि जडपणे वर चढायला लागला. वर पोचेपर्यंत सरांचा सदरा ओला झाला होता. त्यांनी दोर खुंटीला तीन वेढे देऊन बांधला आणि शेजारी टेकलेल्या पिंपाकडं वळले. कुलूप जसंच्या तसं. खिशातली किल्ली काढून लावली. झाकण काढून आत पाहिलं.

पाणी लाल रेघेवर होतं. केसभर कमी नव्हतं. आत निंबाची एक फांदी आणि सरांचं तोंड स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी वर पाहिलं. आई आपल्या अर्ध्या भागात बसून त्यांच्याकडंच बघत होती. दुसरा अर्धा रिकामा होता आणि बाक सरळ होता.

"बन्सी," ती वरून म्हणाली, "इतके दिस झाले ते आलेत. तू एकदा बी बोलला न्हाईस त्यांच्याशी."

सरांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि रिकाम्या फळीकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "जय भीम, अण्णा."

मागं दार करकरलं. कडुबा उंबऱ्यात उभा होता.

"कुणाला जय भीम घातला, सर?"

सरांनी घाईघाईनं चपला पायात सरकवल्या, उजवी डाव्यात आणि डावी उजव्यात.

"कप्प्यांना तेल कमी झालंय," ते म्हणाले.